एकाच लाइनचे दोन आकडे

युरोपच्या वीजजाळ्याचा इतिहास वाचताना मी दोन आकड्यांपाशी अडलो: ३००० आणि २१००. दोन्ही अँपिअरमध्ये. दोन्ही एकाच लाइनचे.

ही लाइन उत्तर जर्मनीतली, लांडेसबेर्गेन ते वेरेनडॉर्फ. एक टोक ई.ऑन नेट्झ या कंपनीकडे, दुसरं आरडब्ल्यूईकडे. ४ नोव्हेंबर २००६च्या रात्री ‘नॉर्वेजियन पर्ल’ हे नवं कोरं जहाज एम्स नदीतून समुद्राकडे निघणार होतं. त्याला वाट द्यायला ई.ऑनने नदीवरची उच्चदाबाची लाइन बंद केली. वीज दुसऱ्या वाटांनी वळली आणि आपली ही लाइन भरत गेली.

१०:०८ला आरडब्ल्यूईचा फोन आला: मर्यादा गाठली आहे, तातडीने काहीतरी करा. ई.ऑनच्या टोकाला लाइन ३००० अँपिअरवर ट्रिप होणार होती. वेरेनडॉर्फच्या टोकाला मात्र २१००वरच. हा दुसरा आकडा ई.ऑनच्या हिशोबात नव्हता. १०:१०ला लांडेसबेर्गेनच्या उपकेंद्रात एक जोडणी बदलली गेली. प्रवाह ८० अँपिअरने उतरेल असा अंदाज होता, तो ६७ने चढला. लाइन ट्रिप झाली, तिच्यामागोमाग दुसऱ्या झाल्या, आणि अर्ध्या मिनिटात युरोपच्या वीजजाळ्याचे तीन तुकडे पडले. दीड कोटी घरांत अंधार झाला.

जोडणी बदलण्याआधी संगणकावर गणित करून पाहिलं नव्हतं, हे आहेच. पण मला खटकतो तो हरवलेला आकडा.

यावरचा एक उपाय तेव्हा आकार घेत होता. १९९०च्या दशकात ‘एप्री’ या अमेरिकी वीज संशोधन संस्थेने ‘कॉमन इन्फर्मेशन मॉडेल’, म्हणजे सीआयएम, बांधायला घेतलं. कारण साधं होतं. प्रत्येक कंट्रोल रूमचं सॉफ्टवेअर आपल्याच भाषेत बोलायचं. सॉफ्टवेअर बदललं की अख्खं जाळं नव्याने भरायचं. पुढे हे मॉडेल ‘आयईसी ६१९७०’ या आंतरराष्ट्रीय मानकात आलं. युरोपातल्या ग्रिडचालकांची संघटना ‘एन्ट्सो-ई’ने त्यावरच आपली देवाणघेवाण उभी केली.

त्यात प्रत्येक वस्तूला एक कायमचा ओळखक्रमांक असतो. फाइल कुणाच्याही हातात गेली तरी तो बदलत नाही. लाइनला दोन टोकं असतात आणि प्रत्येक टोकाच्या मर्यादा वेगळ्या लिहिता येतात: कायम पेलणारा प्रवाह, थोडा वेळ पेलणारा आणि ट्रिप करणारा.

म्हणजे ३०००च्या शेजारी २१०० लिहायला जागा आहे. तो आकडा भरायचा माणसानेच, आणि भरलेला वाचायचाही त्यानेच. एवढं खरं की रकाना रिकामा राहिला तर तो पलीकडच्याला दिसतो, आणि फोन करून विचारता येतं.