अळीच्या पोटातलं दार

2002 चा सप्टेंबर. यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावच्या शिवारात तुम्ही कमरेएवढ्या पऱ्हाटीत उभे आहात. काळी माती चपलेला चिकटून जड झालीय. समोरच्या पानावर हिरवी बोंडअळी कुरतडत बसलीय. बीटी कपाशीला, म्हणजे पानातच अळीसाठीचं विष असलेल्या कपाशीला, याच मार्चमध्ये परवानगी मिळालीय.

आता लहान व्हा, अळीच्या आतड्यातली एक पेशी डोंगराएवढी दिसेल इतके. तिचं आवरण जेमतेम 7-8 नॅनोमीटर जाड: स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर आणि त्यात रुतलेली प्रथिनं. ऑक्सिजन थरातून सरळ आत येतो. क्षार आणि साखर मात्र प्रथिनांच्या दारांनीच ये-जा करतात. कोणता क्षार किती आत ठेवायचा, हे सांभाळण्यावरच पेशी जगते.

तेवढ्यात पानाबरोबर बीटीचं विष येतं. ते आवरणावरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि पुढे आवरणाला भोकं पाडतं. क्षार बेताल वाहतात, मागोमाग पाणी घुसतं, पेशी फुगून फुटते. अळीचं खाणं सुटतं. माणसाच्या आतड्यात या विषाला चिकटायला तशी जागा नाही.

आता 2017 चा ऑक्टोबर. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलीय. हिरवं बोंड फोडा: सरकीत गुलाबी अळी, कापसाची कवडी झालेली. भारतातल्या अशा चिवट अळ्यांमध्ये कॅडहेरिनच बदललेलं आढळलंय, विष चिकटणार कुठे? शेजारी बिगर-बीटीच्या ओळी असत्या, तर साध्या अळ्यांशी संकर होऊन हा चिवटपणा लांबणीवर पडला असता. पण दोन एकरवाल्याने अळीसाठी रान सोडलं नाही, म्हणून त्याला दोष देणं मला पटत नाही.

त्याच रानाच्या धुऱ्यावर पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला मजूर बघा. सदरा औषधाने ओलाचिंब. प्रोफेनोफॉससारखं औषध स्निग्धात विरघळतं. कातडीतून आत जायला त्याला दार लागत नाही. आत गेलं की नसांचं काम बिघडवतं: डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, तोंडाला फेस येतो, श्वास अडतो. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली.

गुलाबी अळीला पुढे आसरा नको, म्हणून फरदड (हंगामानंतरही राखलेली पऱ्हाटी) ठेवू नका, डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटा. आणि फवारताना सदरा भिजला, तर काम तिथेच थांबवा, तो काढा आणि साबणाने अंग धुवा.