आमच्या घरचे गवाक्ष

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे, असा मंडळाच्या चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा आमच्या घरी एका खिडकीवरून वाद चालला होता. तेव्हा भगिनींनो, खिडकीवरच लिहिते.

आमचे घर जुने, कवेलूचे. ओसरीलगतच्या खोलीला पश्चिमेकडे खिडकी आहे. खाली चौकोन आणि वर अर्धवर्तुळाकार कमान. चिरंजीवांचे म्हणणे, "आई, या आकाराचा पडदा बाजारात मिळत नाही. कमान फोडून खिडकी चौकोनी करू." मिस्त्रीही ठरला. पण पडद्यापायी भिंत फोडायची, हे काही मला पटेना.

मी लग्न होऊन अड्याळला आले तेव्हा त्या खिडकीच्या चौकोनावर जाड सतरंजी टांगलेली असे. ती उन्हासाठी नव्हे, रस्त्यावरच्या माणसाला घरातल्या सुना दिसू नयेत म्हणून. कमान तेवढी उघडी राही. तिच्यातून आलेला उजेडाचा तुकडा दुपारनंतर जमिनीवर सरकत जाई आणि तो उंबऱ्याशी पोहोचला की आजेसासूबाई संध्याकाळचे आंधण ठेवीत. बाहेरच्या जगाचा त्यांच्या वाट्याला आलेला भाग तेवढाच.

पडदा हा शब्द फारशीतून आला. खिडकीचे कापड आणि बायकांचा आडोसा या दोहोंना तो एकच. जयपूरच्या हवामहालाला, जो १७९९ साली बांधला गेला, ९५३ लहान खिडक्या आहेत. राणीवशाने रस्त्यावरची मिरवणूक पाहावी, पण आपण दिसू नये, अशी ती योजना. आमच्याकडे सतरंजीने दिसणेही बंद केले होते आणि पाहणेही!

खिडकीचा आपला जुना शब्द गवाक्ष, म्हणजे बैलाचा डोळा. गंमत अशी की फ्रेंचांनीही गोल खिडकीला हेच नाव दिले. व्हर्सायच्या राजवाड्यातले १७०१ सालचे एक दालन अशा खिडकीवरूनच ओळखले जाते. आपल्या कार्ल्याच्या लेण्यात दर्शनी बाजूला घोड्याच्या नालासारखे प्रचंड गवाक्ष आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी कमानीत लाकडी फासळ्या बसवल्या. त्यांतून उजेड आत स्तूपापर्यंत जातो. आकार बिकट म्हणून त्यांनी तो बदलला नाही.

गोव्यातल्या जुन्या घरांची युक्ती मला सर्वांत आवडते. काच महाग होती, तेव्हा तिथे चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे छोटे तुकडे कापून लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत बसवीत. उजेड दुधासारखा आत येई आणि बाहेरच्याला आतले दिसत नसे. तुकडे लहान असल्याने कमानही सहज भरता येई. आपल्या विदर्भात वाळ्याच्या ताट्या होत्या. त्यांवर पाणी शिंपडले की वारा गार होऊन येई. मात्र त्या चौकोनी दारा-खिडक्यांच्याच.

शेवटी मी जुने वर्तमानपत्र कमानीवर धरून तिचा आकार कापून घेतला. कमानीची रुंदी चार फूट, उंची दोन फूट. म्हणजे गोल कडेची लांबी सुमारे सव्वासहा फूट. चुण्यांसाठी दुप्पट धरून साडेबारा फूट लांबीची पट्टी घेतली, रुंदीला दोन फूट आणि दुमडीला चार इंच. एक लांब कड गोल कडेला चुण्या घालून बसवायची, दुसरी खाली मध्यावर घट्ट ओढून बांधायची. पंख्यासारखा आकार येतो. गाठ झाकायला कापडाचे मोठे बटण. कापड पातळ, पांढरे सुती घेतले. कोशाचे घ्यावे असे सूनबाईंच्या मनात होते, पण पश्चिमेच्या उन्हात रेशीम लवकर विरते. खालच्या चौकोनाला दोन साधे पडदे, आणि धानाच्या दिवसांत डास फार म्हणून आतून जाळी.

पहिल्या खेपेला चुण्या एका बाजूला गोळा झाल्या, उसवून पुन्हा घातल्या. दुपारी उजेड त्यातून गाळून जमिनीवर पडला. सूनबाईंना मी उंबरा दाखवला आणि आंधणाची गोष्ट सांगितली.

मिस्त्री आले होते. त्यांना न्हाणीघराची गळकी बाजू दाखवून दिली.