धर्मशाळेच्या पत्त्यावरचे पत्र

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि भोसरी-चिंचवडचा माळ कारखान्यांनी भरू लागला. तिथल्या लहान कारखानदाराचा दरपत्रकाचा कागद तेव्हा टपालाने जाई. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांना खुले केले आणि हळूहळू तो कागद ईमेलने जाऊ लागला.

हे इंटरनेट घरच्या टेलिफोनवरून येई. फोन जोडला की यंत्राला एक क्रमांक मिळे. फोन ठेवला की तोच क्रमांक दुसऱ्याला. धर्मशाळेची खोलीच म्हणा ना! आज एक उतारू, उद्या दुसरा.

फुकट्या जाहिरातवाल्यांनी हे बरोबर हेरले. तशी ही खोड जुनी. अमेरिकेत ३ मे १९७८ रोजी एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने शेकडो लोकांना न मागितलेली जाहिरात धाडली होती. पण नव्वदीनंतर पूरच आला. रीत अशी, की ग्राहकाने पत्र आपल्या सेवा कंपनीच्या टपालयंत्राकडे द्यावे, त्याने ते पुढे धाडावे. हे लोक ते यंत्र टाळून थेट परक्याच्या दारात गठ्ठे टाकीत, आणि सकाळी खोली सोडून पसार! मग पकडायचे कोणाला?

१९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी आदी मंडळींनी उपद्रवी क्रमांकांची काळी यादी काढली. ती गुन्हा पाहून केलेली. थोड्याच काळात दुसरी यादी आली, ती मात्र जोडणीची जात पाहून! फोनवरचा क्रमांक ना? मग थेट आलेले पत्र घेऊच नका. इतिहासाच्या शिक्षकाला इथे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवतो. तुलना ताणू नये. तिथे माणसे भरडली गेली, इथे पत्रे अडली. पण कृत्याऐवजी वर्ग पाहण्याची युक्ती तीच.

युक्ती लागू पडली, हे कबूल केले पाहिजे. २००३ साली सोबिग विषाणूने घरोघरची यंत्रे बिघडवली, तेव्हा मालकाच्या नकळत तीच जाहिराती ओकू लागली. मग ब्रॉडबँडचे बदलते क्रमांकही यादीत गेले. २००७ मध्ये स्पॅमहाउस या संस्थेने अशीच मोठी यादी काढली. मात्र ही दोषींची यादी नव्हे, असे तिने स्पष्ट सांगितले.

भोसरीत एखाद्याने पैसे वाचवायला स्वतःचेच टपालयंत्र मांडले, तर दोष नसताना त्याचे दरपत्रक परत येणार. त्याला वाटा दोन: पत्र कंपनीच्या यंत्रामार्फत धाडावे, नाहीतर जादा पैसे मोजून कायमचा क्रमांक घ्यावा आणि यादीतून नाव काढण्याचा अर्ज करावा.