घरांतील समुद्र

जें सुंदर दिसतें तें आपल्या घरीं असावें, ही मनुष्याची जुनी हौस आहे. रानांतला पोपट पिंजऱ्यांत आला, डोंगरांतलें फूल कुंडींत आलें, आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांत समुद्रहि कांचेच्या पेटींत येऊन बसला. प्रवाळांच्या कपारींतून हिंडणारा एंजल मासा दिवाणखान्यांत पोसावयाचा, हा या हौसेचा अगदीं अलीकडचा आणि सर्वांत अवघड प्रकार होय. श्रीमंतांचा चोचला म्हणून त्याजकडे दुर्लक्ष करणें सोपें आहे. परंतु त्याच्या इतिहासांत रसायनशास्त्र आहे, व्यापार आहे, आणि सौंदर्यावर प्रेम करणारानें त्याच सौंदर्याचा नाश कसा करावा याचीहि कथा आहे. म्हणून तो सुशिक्षित वाचकांनीं एकवार पाहण्यासारखा आहे.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. बाजारांत स्वस्तांत मिळणारा, लांब परांचा, चपटा एंजल मासा गोड्या पाण्यांतला असून त्याचें मूळ घर दक्षिण अमेरिकेंतील नद्यांत आहे. समुद्रांतील एंजल माशांचें कुळ निराळें. त्यांच्या कल्ल्यांच्या झांकणावर एक तीक्ष्ण कांटा असतो, व तीच त्यांची ओळख. यांतील ‘सम्राट’ म्हणून प्रसिद्ध असलेला मासा लहानपणीं गडद निळा असतो व त्याच्या अंगावर पांढरीं वर्तुळें एकांत एक काढलेलीं दिसतात. मोठा झाला कीं, वर्तुळें जाऊन सर्वांगावर पिवळे पट्टे येतात. पिलूं व प्रौढ यांत इतका फरक पडतो कीं, जुन्या शास्त्रज्ञांनीं त्यांस वेगवेगळ्या जाति समजून वेगवेगळीं नांवें दिलीं. भारताच्या किनाऱ्यावरील खडकांतहि या कुळांतील एक जात राहते. तिचा रंग सोनेरी तपकिरी, त्यावर निळ्या कमानी, आणि खांद्यावर एक निळें कडें.

सम्राट मासा व हा कडेवाला मासा या दोहोंचें शास्त्रीय वर्णन बर्लिन येथील वैद्य मार्कुस ब्लॉख यानें १७८७ सालीं केलें. याच ब्लॉखनें तीन वर्षांनीं, म्हणजे १७९० सालीं, आणखी एका माशास नांव दिलें, आणि तो मासा पेण-अलीबागकडील वाचकांच्या चांगलाच ओळखीचा आहे. तो म्हणजे आपला जिताडा! एकाच विद्वानाच्या मेजावर आलेल्या या दोन माशांचें दैव पुढें किती भिन्न झालें, हें पाहण्यासारखें आहे.

समुद्राचा मासा घरीं आणून पोसणें ही गोष्ट पेणच्या खारेपाटास नवी नाहीं. भरतीचें पाणी बांधानें अडवून जेथें भातशेती उभी केली, तेथें घराशेजारीं किंवा शेताच्या कडेला तळें असावयाचें, आणि खाडींत सांपडलेलीं जिताड्याचीं पिलें त्यांत सोडावयाचीं, ही आगरी कुटुंबांची जुनी रीत. लहान मासे व कोळंबी खाऊन तीं दोन-तीन वर्षांत पुष्ट होत, आणि सणासुदीला किंवा मोठा पाहुणा आला म्हणजे तळ्यांत जाळें पडे. जिताड्याची प्रकृति काटक. खाडीचें खारें पाणी आणि पावसाचें गोडें पाणी हीं दोन्ही त्यास मानवतात. पाणी गढूळ झालें, उन्हानें तापलें, तरी तो तग धरतो. शिवाय खारेपाटांतील माणसानें समुद्राचें अनुकरण करण्याची खटपट केलीच नाहीं. बांधाच्या उघाडींतून खाडीचें पाणी त्याच्या शिवारापर्यंत आपण होऊन येत होतें.

राजेलोकांची हौस याहून निराळी होती. कल्याणचा (म्हणजे आजच्या बसवकल्याणचा) चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें १२व्या शतकांत जो ‘मानसोल्लास’ ग्रंथ रचिला, त्यांत ‘मत्स्यविनोद’ असें एक प्रकरण आहे. समुद्रांतील व नद्यांतील मासे कोणते, कोणत्या माशास कोणतें आमिष द्यावें, याचें त्यांत बारकाईनें वर्णन आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणाचा शास्त्रीय दृष्टीनें परामर्श घेतला. तथापि राजाचा विनोद गळ टाकून मासा पकडण्यांत होता. समुद्रच्या समुद्र खोलींत मांडावा, ही कल्पना त्यास सुचली नव्हती.

ती सुचली विलायतेंत. ॲना थिन या बाईंनीं १८४६ सालीं टॉर्की येथील किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला नेले. पाण्यांत हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज बराच वेळ तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत बसे. घरांतील प्रवाळ-समुद्राचा पहिला पंप म्हणजे त्या अनाम मोलकरणीचे दोन हात होत. पुढें १८५० मध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें वनस्पति व मासे एकत्र ठेवल्यास पाणी पुष्कळ दिवस टिकतें असें दाखविलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें, आणि १८५४ मध्यें फिलिप गॉस याच्या पुस्तकानें ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघर नेला.

गॉसपुढें एक प्रश्न होता. समुद्रापासून दूर राहणारानें काय करावें? पेणच्या माणसास हा प्रश्न चटकन् समजेल, कारण मिठागर त्यानें पाहिलेलें असतें. एक लिटर समुद्राच्या पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांत आपलें खाण्याचें मीठ तीन-चतुर्थांशांहून थोडें अधिक. मिठागरांत पाणी आटूं लागलें कीं, प्रथम चुन्याचे क्षार खालीं बसतात, मग मीठ धरतें, आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडवट पाण्यांत राहून जातात. म्हणून मिठाचें पोतें विहिरीच्या पाण्यांत विरघळविल्यानें समुद्र होत नाहीं. प्रवाळास ज्या चुन्यानें आपलें घर बांधावयाचें, तोच मिठागरांत मागें राहिलेला असतो. गॉसनें समुद्रजलाच्या पृथक्करणावरून कृत्रिम समुद्राची कृति प्रसिद्ध केली. आज पुडींतून मिळणारा ‘समुद्र’ तिचाच वंशज आहे.

तरीहि मासे मरत, आणि कां मरत हें कळत नसे. माशाच्या मलमूत्रांतून अमोनिया सुटतो व तो विषारी असतो. त्याचें रूपांतर करून तो निरुपद्रवी करणारे सूक्ष्म जंतु आहेत, हें १९व्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालें. यांत एक विलक्षण योगायोग आहे. मातींतील या क्रियेवर रॉथॅमस्टेड येथें वर्षानुवर्षें प्रयोग करणारा शास्त्रज्ञ त्याच वॉरिंग्टनचा मुलगा होता, व त्याचेंहि नांव रॉबर्टच. पुढें १८९० मध्यें विनोग्राडस्की यानें ते जंतु वेगळे करून दाखविले. बापानें पेटी मांडली, आणि तिची किल्ली मुलानें शेतांत शोधिली!

आपल्या देशांत मद्रासच्या किनाऱ्यावर १९०९ सालीं सार्वजनिक मत्स्यालय निघालें, व दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत तें बंद पडलें. मुंबईस मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचें उद्घाटन १९५१ सालीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें झालें. ज्या समुद्रांत आपले बापजादे जाळीं टाकीत आले, त्याचें अंतरंग कांचेआडून पाहण्याची सोय मराठी मुलांस तेथें प्रथम झाली.

त्यानंतर दहा वर्षांनीं, १९६१ मध्यें, जाकार्ता येथील ली चिन एंग यानें आपली युक्ति प्रसिद्ध केली. प्रवाळखडकांतील जिवंत दगड जंतूंसकट आणून पेटींत ठेवावे, म्हणजे पाण्याची शुद्धि ते दगडच करितात, असें त्याचें म्हणणें. घरगुती प्रवाळ-पेटीचा आजचा प्रकार यांतून निघाला. परंतु एंजल माशाचें दुखणें केवळ पाण्याचें नाहीं. त्याच्या अनेक जाति खडकावरील स्पंज खाऊन जगतात. पट्टेदार ‘राजस’ एंजल तर अनेकदां स्वच्छ पाण्यांत, अन्न समोर असतांना, उपाशी मरतो. कारण तें अन्न आहे हेंच त्यास पटत नाहीं. जिताड्यास तळें पुरतें. एंजलास त्याचा खडक, त्यावरील स्पंज व आडोसा हीं सगळीं लागतात. म्हणजेच एक मासा ठेवावयाचा तर एक गांव वसवावें लागतें.

आणि हें गांव कोठून आणावयाचें? फिलिप गॉसचा मुलगा एडमंड यानें १९०७ सालच्या आपल्या आत्मवृत्तांत खेदानें लिहून ठेविलें आहे कीं, वडिलांच्या पुस्तकांनीं वेडावलेल्या लोकांनीं डेव्हनच्या किनाऱ्यावरील खडकांतील डोहांची लूट करून ते उजाड केले. शंभर वर्षांनीं तेंच नाटक उष्ण समुद्रांत झालें. फिलिपाइन्समध्यें १९६०च्या सुमारास मासे गुंगवून धरण्यासाठीं कपारींत सायनाइडची पिचकारी मारण्याची प्रथा पडली. तिनें पकडलेले मासे पुढें मरत, आणि मागें राहिलेले प्रवाळहि मरत. आपल्याकडे २००१ सालीं दगडी प्रवाळांस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत स्थान मिळालें. आपल्या समुद्रांतील प्रवाळ उचलून घरीं आणणें हा आज गंभीर गुन्हा आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नांवाचें जें ‘आंग्रिया’ उथळ आहे, तेथें पाण्याखालीं प्रवाळांची मोठी वसाहत आहे. ज्या आरमारानें हा समुद्र राखिला, त्याच्या सेनापतीच्या नांवाचें हें धन लुटलें जाऊं नये, एवढी लाज आपणांस असावयास हवी.

मग हा छंद सर्वथा निषिद्ध समजावा काय? असें मला वाटत नाहीं. एंजल माशाचीं अंडीं उघड्या पाण्यावर तरंगतात व पिलें इतकीं सूक्ष्म असतात कीं, त्यांस काय भरवावें हाच प्रश्न पडे. तरी चालूं शतकाच्या आरंभीं हवाई बेटांत लहान एंजलांच्या कांहीं जातींचीं पिलें माणसाच्या हातीं वाढलीं. ज्याला हौस असेल त्यानें असा घरीं जन्मलेला मासा घ्यावा, त्याचें जन्मस्थान विचारल्यावांचून घेऊं नये, आणि कोरडा दगड व भरपूर धीर यांवर पेटी उभी करावी. खारेपाटांतील माणूस खाडीकडून पिलूं घेई, पण खाडी जागेवर ठेवी. बांधापलीकडे समुद्र जिवंत आहे तोंवरच बांधाअलीकडच्या तळ्याला अर्थ आहे, हें त्यास न शिकतां कळत होतें. कांचेच्या पेटीची गोष्टहि याहून वेगळी नाहीं.