प्लेग ते कोरोना : हुकूम आणि विश्वास

इतिहास आपण बहुधा राजेरजवाड्यांच्या नावांनी आणि लढायांच्या सनावळ्यांनी शिकतो. मीही माझ्या शिक्षकी पेशात मुलांस तोच शिकविला. परंतु रोगाच्या साथींनी जेवढी घरे उजाड केली, तेवढी पुष्कळशा लढायांनीही केली नसतील. सन २०२० साली आलेली कोरोनाची साथ आपणा सर्वांच्या डोळ्यांदेखत होऊन गेली. तिची आठवण पुसट होण्यापूर्वी, अशा संकटात सरकार कसे वागते व प्रजा कशी वागते, याचा थोडासा विचार ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कोरोनाविरुद्ध जो कायदा लागू केला, तो नवा नव्हता. तो १८९७ सालचा, म्हणजे प्लेगच्या दिवसांतला साथरोग कायदा होय. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना प्लेगचे रोगी प्रथम आढळले आणि पाच महिन्यांच्या आत सरकारने हा कायदा केला. प्रवाशांची तपासणी करणे, संशयितांस वेगळे ठेवणे, असे पुष्कळ अधिकार त्याने अंमलदारांस मिळाले. रोग हटविण्याचा हेतू वाईट होता, असे कोणी म्हणणार नाही. तथापि पुण्यात प्लेग-अधिकारी रँड यांनी तो ज्या रीतीने अमलात आणला, ती रीत घातक ठरली. गोरे सोजीर घराघरांत शिरले. देवघर व माजघर यांचा मान राहिला नाही; घरातील सामान बाहेर काढून जाळण्यात आले. परिणाम असा झाला की, लोक रोगापेक्षा तपासणीस अधिक भिऊ लागले आणि रोगी लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढे सरकारलाही ही सक्ती सैल करणे भाग पडले.

परंतु त्याच काळाची दुसरी बाजूही आहे. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रोग्यांस तेथे नेऊन त्यांची शुश्रूषा करीत. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. मुंबईस डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ काढण्यास पुढाकार घेतला. मुंबईत निरनिराळ्या जातीजमातींनी आपापली प्लेग-इस्पितळे उभारली. जो मनुष्य सरकारी इस्पितळाचे नाव काढताच थरथर कापे, तो आपल्या माणसांच्या इस्पितळात जाण्यास तयार होई. औषध बहुधा तेच, फरक विश्वासाचा. या गोष्टीचे मर्म आपणासारख्या ज्ञातिसंस्थांनी ध्यानी धरण्याजोगे आहे.

आता सव्वाशे वर्षांनंतरची हकीकत पाहू. चीनने २३ जानेवारी २०२० रोजी वुहान शहराचे दरवाजे बंद केले. मार्चमध्ये इटलीने सारा देश बंद केला. न्यूझीलंडने सीमा मिटल्या आणि काही काळ रोग जवळजवळ निपटून काढला. स्वीडनने मात्र कडक टाळेबंदी न करता मुख्यतः नागरिकांच्या समजुतीवर भिस्त ठेवली. आपल्या देशात २४ मार्च रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली आणि चारच तासांत टाळेबंदी सुरू झाली. ज्याच्या घरी महिन्याचा शिधा भरलेला होता, त्याने दार लावून घेतले. परंतु ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याने काय करावे? आपल्या सोलापुरात यंत्रमागांचा खडखडाट थांबला. विड्या वळून संसार चालविणाऱ्या हजारो स्त्रियांच्या सुपात पान आले नाही. परप्रांतीय मजूर तर पायीच गावाकडे निघाले. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. मोफत धान्य आले, शिवभोजन थाळी पाच रुपयांस मिळू लागली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु हुकूम काढताना गरिबाच्या चुलीचा विचार आधी व्हावयास हवा होता, हेही इतिहासाने नमूद करून ठेवावे.

याउलट, आपल्याच जिल्ह्यातील एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. आषाढी वारी म्हणजे महाराष्ट्राचा प्राण. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्यांतील संतांच्या पादुका एस.टी. गाड्यांतून पंढरीस आल्या आणि १ जुलै २०२० ची आषाढी एकादशी वारकऱ्यांवाचून पार पडली. लाखो वारकऱ्यांनी घरीच टाळ हाती घेतला. मक्केची हज यात्राही त्या वर्षी सुमारे हजार यात्रेकरूंवर आली आणि रोममध्ये पोपने भर पावसात निर्मनुष्य चौकात प्रार्थना केली. वारकऱ्यांना घरी थांबविण्यासाठी सोजीर आणावे लागले नाहीत. दुसऱ्याच्या जिवासाठी आपले दर्शन सोडणे, हीही विठ्ठलाची सेवाच होय, हे त्यांना पटले होते. पुढे दुसऱ्या लाटेत मोहोळ तालुक्यातील घाटणे व दक्षिण सोलापुरातील अंत्रोळी या गावांनी स्वतःच रोग थोपविण्याचा उद्योग केला. मे २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांनी हिवरेबाजारासोबत या दोन्ही गावांचे नाव घेऊन गौरव केला आणि त्यानंतर राज्यभर कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर झाली.

तात्पर्य हे की, साथीच्या काळी हुकूम लागतो, यात शंका नाही. परंतु हुकूम दारापर्यंतच पोहोचतो. दाराच्या आत पोहोचतो तो विश्वास. आणि हा विश्वास संकट आल्यावर उसना मिळत नाही, तो आधीपासून कमवावा लागतो.

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. एप्रिल २०२१ मध्ये माझे वडील बंधू या रोगाने गेले. आम्हा घरच्यांस त्यांना खांदा देता आला नाही. अंगभर पांढरा पोशाख घातलेल्या चार तरुणांनी त्यांना चितेवर ठेवले. त्यांतल्या एकाने मागे वळून मला विचारले, “गुरुजी, काही म्हणायचंय का?” मी हात जोडले, तोंडातून शब्द फुटला नाही. ते कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, हे मला ठाऊक नाही; विचारावेसेही वाटले नाही. आपल्या ज्ञातीचे कार्य आपण अवश्य करावे. परंतु त्या चौघांचे ऋण आपल्या संस्थेवर आहे, याचा विसर पडू देऊ नये.

म्हणून कार्यकारी मंडळास माझी नम्र सूचना आहे. त्या दोन वर्षांत आपल्या ज्ञातीतील जी माणसे गेली, त्यांची नावे एका वहीत लिहून ठेवावी. कोणाच्या घरी कोणी भाकरी पोहोचविली, कोणी औषध आणून दिले, याचीही नोंद करावी. पुढल्या पिढीवर असा प्रसंग न येवो. परंतु आलाच, तर ती वही त्यांस वाट दाखवील. इत्यलम्.