'कॅप्टन' कोणाला म्हणायचे?

विश्रांतवाडीत टेनिस बॉलची टीम जमली की पहिला वाद ठरलेला : कॅप्टन कोण? शब्द इंग्रजी, मूळ लॅटिन 'कापुट', म्हणजे डोके. आणि डोके कोणाचे, पाय कोणाचे, हे पुरुषसूक्ताने आधीच वाटून ठेवलेले! फुटबॉलचा कॅप्टन दंडाला पट्टी बांधतो, डावपेच बहुतेक वेळा कोच ठरवतो. क्रिकेटमध्ये मात्र बॉल कोणी टाकायचा, फिल्डर कुठे उभा करायचा, हे मैदानावर कॅप्टन सांगतो आणि बाकीचे दहा जण ऐकतात. खरी अडचण या ऐकण्याची होती.

पळवणकर बाळू चांभार समाजातले. पुण्याच्या कॅम्पात इंग्रजांच्या जिमखान्यात खेळपट्टीची कामे करत, साहेबांना नेटमध्ये बॉलिंग टाकत ते डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. बॅट त्यांच्या हाती कोणी दिली नाही. पुढे पुण्यातल्या हिंदूंनाही त्यांच्या विकेट हव्या झाल्या. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. चेंडू विटाळला नाही, कप विटाळला असता!

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. कॅप्टन कोण? पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय १९. १९१३ मध्ये हिंदू संघाचे कॅप्टन झालेले एम. डी. पै जाहीरपणे म्हणाले की हा मान बाळूंचा होता. पण मान दिला कोणी? १९२० मध्ये पै आजारी पडले, तेव्हाही कप्तानपद गेले दि. ब. देवधरांकडे. बाळूंचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. याला आपण आज बहिष्कार म्हणतो. परिणाम झाला : पुढच्या सामन्यात बाळू उपकर्णधार होते आणि पै थोडा वेळ मैदानाबाहेर गेले, तेवढ्यापुरते बाळूंनी नेतृत्व केले. दहा जणांनी ऐकले. आभाळ कोसळले नाही.

१९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कॅप्टन झाले आणि हिंदू संघ जिंकला.

आपल्यातले काही जण बाळूंचे नाव टाळतात, कारण त्यांनी पुणे करारावर सही केली आणि १९३७ ला काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. ते हरले, तो हिशेब तिथेच मिटला. कप्तानपदाचा हिशेब वेगळा आहे. देवधरांच्या नावाची ट्रॉफी १९७३ मध्ये सुरू झाली. बाळूंच्या नावाची राष्ट्रीय ट्रॉफी कुठे आहे?