अंधारातील क्षितिज



लहानपणी हुबळीच्या सिद्धारूढ मठाच्या जत्रेत आम्ही चक्रीत बसत असू. डोळे मिटून बसण्याची पैज लागे. वेग एकसारखा झाला की चक्री थांबल्यासारखी वाटे. ती खरोखर थांबू लागली की आपण उलट दिशेने फिरतो आहोत, असा भास होई. कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांतल्या द्रवाची ही करामत आहे, हे पुढे कळले. आज ज्या दोन अपघातांविषयी बोलणार आहे, त्यांचे मूळ मला याच चक्रीत दिसते.

1 जानेवारी 1978. एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग 747 विमान रात्री सव्वाआठच्या सुमारास मुंबईहून दुबईकडे निघाले. उड्डाणानंतर दोन मिनिटेही झाली नसतील, तोच ते वांद्र्यानजीक समुद्रात कोसळले. 190 प्रवासी आणि 23 कर्मचारी, कोणीही वाचले नाही. प्रथम घातपाताचा संशय आला, आणि तो स्वाभाविकही होता. परंतु समुद्रातून काढलेल्या अवशेषांत स्फोटाची किंवा आगीची खूण मिळाली नाही. मग ध्वनिमुद्रक आणि उड्डाणनोंदींचा आधार घेण्यात आला.

त्यांतून जे उलगडले, ते असे. किनारा मागे पडताच समोर केवळ काळोख होता. विमानाला उजवीकडे हलके वळण दिले होते. ते सरळ झाले, तरी कप्तान मदनलाल कुकर यांच्यासमोरील कृत्रिम क्षितिज दाखविणारे उपकरण विमान उजवीकडेच कललेले दाखवीत राहिले. कप्तानांना आश्चर्य वाटले. सहवैमानिकानेही आपले उपकरण ढळल्याचे सांगितले. उपकरणाच्या सांगण्यावर विसंबून कप्तान विमान डावीकडे कलवीत गेले, आणि ते नव्वद अंशांच्याही पलीकडे कलले. त्या उपकरणावर विसंबू नका, असे फ्लाइट इंजिनिअरने बजावले खरे. पण तोवर वेळ उरला नव्हता. कुकर हे अननुभवी नव्हते. त्यांच्या गाठीस सुमारे 18,000 तासांचे उड्डाण होते.

छोट्या खाजगी विमानाच्या बाबतीत चौकशी आणखी अवघड होते. तेथे बहुधा काळी पेटी नसते, आणि अपघाताची कथा सांगावयास कोणी उरत नाही. 16 जुलै 1999 रोजी जॉन केनेडी धाकटे यांनी न्यू जर्सीहून आपले एक इंजिनाचे पाइपर विमान संध्याकाळी 8 वाजून 38 मिनिटांनी आकाशात नेले. सोबत पत्नी आणि मेहुणी होती. मार्थाज व्हिनयार्डच्या बेटाजवळ, धुक्याने मळलेल्या आकाशात व काळ्या पाण्यावर, शेवटच्या क्षणांत विमान मिनिटाला 4,700 फुटांहून अधिक वेगाने खाली आले. हे आकडे मिळाले ते रडारच्या ठिपक्यांतून. पाण्याखालून काढलेले इंजिन व सुटे भाग तपासले गेले. यंत्रबिघाडाचा पुरावा सापडला नाही. केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा परवाना केनेडींकडे नव्हता. त्यांना दिशाभ्रम झाला व विमानावरील ताबा सुटला, असा अमेरिकन चौकशी मंडळाचा 2000 सालचा निष्कर्ष आहे.

येथे मला एक खटकते. 'वैमानिकाची चूक' हे शब्द उच्चारले की फाइल बंद होते. वांद्र्याच्या अपघातात भारतीय चौकशीने उपकरणातील बिघाड मानला. मात्र अन्य उपकरणांवरून विमान सावरावयास हवे होते, असेही म्हटले. मृतांच्या नातेवाइकांनी बोइंग व उपकरण-निर्मात्यांविरुद्ध अमेरिकेत दावे लावले. सिएटलमधील न्यायाधीश जेम्स फिट्झजेरल्ड यांनी नोव्हेंबर 1985 मध्ये 139 पानी निकालात कंपन्यांचा निष्काळजीपणा अमान्य केला. म्हणजे मुंबईच्या चौकशीत जे उपकरण दोषी, ते सिएटलमध्ये निर्दोष! दोन्ही ठिकाणी कप्तान मात्र उत्तर देण्यास हजर नव्हते.

चौकशी करणारे सारे उजेडात, टेबलाशी बसलेले असतात. मुद्रित आवाज त्यांना पुन:पुन्हा ऐकता येतो. त्या तिघांना तो एकदाच ऐकू आला, तोही अंधारात. मी या विषयाची कागदपत्रे वाचू लागलो तेव्हा कुकरांवर मनातल्या मनात निवाडा करून मोकळा झालो होतो. मग एके रात्री गच्चीवर खुर्ची घेऊन मुलाकडून स्वत:ला गरगर फिरवून घेतले, डोळे मिटून. थांबल्यावर कठड्याकडे बोट दाखवावयाचे ठरले होते. मी जिन्याकडे दाखविले.